फाटकापाशी विसावा

उर्वी, तो मोबाईल आधी उलटा ठेव. आणि अनिमेष, तुला मघापासून फार हसू येतंय, तेव्हा तू दाराजवळ बस. ही काही कुठं ऐकलेली, कुणी रंगवलेली गोष्ट नाही. वैजनाथला मी ओळखतो. अजूनही कंधारच्या बसस्टँडवर तो कधीतरी दिसतो. मी रामराम घालतो, पण तो थांबत नाही. आणि गावाचं नाव विचारू नका, तिथं आपली सोयरीक आहे. कंधारहून अहमदपूरकडं जाताना लागतं, एवढं पुरे.

तर दोन हजार चोवीसची वेळ अमावस्या. आपण येळवस म्हणतो ती. तीस डिसेंबर, सोमवार. दिवसभर सगळं गाव शेतात होतं. कडब्याच्या खोपटासारख्या कोपी, लक्ष्मीची पूजा, भज्जी, आंबील. त्या दिवशी बांधावरून अनोळखी माणूस जरी चालला तरी त्याला हाक मारून जेवायला बसवतात. अंधार पडला तशी बायकामाणसं घरी गेली. वैजनाथ आणि त्याचा मुलगा हरिओम मात्र शेतातच राहिले, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. मोटार चालू करायची, एक वाफा भरला की दुसऱ्यात पाणी सोडायचं. रोजचंच काम.

आता त्या शेतातल्या वाटेचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वैजनाथचा बाप आणि रामकिशनचा बाप सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची जमीन वैजनाथच्या बापाला आली, मागची रामकिशनच्या बापाला. मागच्याला रस्त्यावर यायला पुढच्याच्या कडेनं एक गाडीवाट ठेवली. दोघांची म्हणून ठेवली. दोघं भाऊ होते तोवर त्या वाटेवरून कधी शब्द निघाला नाही. ते गेले, पुढं डांबरी रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला आणि वैजनाथच्या डोक्यात वारं शिरलं. त्यानं रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. दोन्ही अंगाला काटेरी तार ओढली, फाटकाला हे एवढं कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. रामकिशन तहसीलला गेला. तिथं काय मिळतं तुम्हाला माहीत आहे. तारीख मिळाली.

रामकिशन मागच्या शेतात आखाड्यावरच राहायचा. आखाडा म्हणजे शेतातलं घर. सोबत त्याची म्हातारी आई, धोंडाबाई. आता ऐका. वैजनाथची आई बाळंतपणातच गेली होती. धोंडाबाईच्या मांडीवर तेव्हा रामकिशन होता. तिनं एका अंगाला आपलं लेकरू घेतलं आणि दुसऱ्या अंगाला दिराचं. वैजनाथ तिच्या दुधावर वाढला. उभ्या गावात त्याला 'वैजू' म्हणणारी ती एकटीच होती.

फाटक लागल्यावर ती म्हातारी दवाखान्याला जायचं म्हटलं तरी तारेखालून सरपटत जायची. लुगडं अडकायचं, पाठ सोलायची. वैजनाथ बाजेवर बसून बघायचा. "काकू, दमानं," म्हणायचा आणि हसायचा. मला अजून ते आठवलं की त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

दिवाळी झाली आणि म्हातारी गेली.

सकाळी तिरडी आखाड्यावरून निघाली. गावाचं मसणवट रस्त्याच्या पलीकडं. दुसरा मार्ग ओढ्यातून, लांबचा, गुडघाभर चिखलाचा. रामकिशनला वाटलं, आज तरी भाऊ कुलूप काढेल. खांदेकरी फाटकापाशी येऊन उभे राहिले.

"वैजनाथ, आजच्या दिस खोल," रामकिशन म्हणाला.

"आज खोललं की तुझा हक लागला. वकिलानं सांगितलंय, एकडाव बी सोडायचं न्हाई."

"आरं, आई हाय ही. तुझी बी हाय."

वैजनाथ तंबाखू मळत राहिला.

तिरडी बांधायला आलेले मडिवाळप्पा सोबत होते. गावातलं वडीलधारं माणूस. तिरडी निघाली की वाटेत एकदाच टेकवायची, ठरलेल्या जागी. त्याला विसावा म्हणतात. तिथं मागचे खांदेकरी पुढं होतात, पुढचे मागं, आणि गेलेल्या जिवानं तिथं घराचा नाद सोडायचा असतो. त्यानंतर तिरडी मागं फिरवायची नसते. हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मडिवाळप्पा म्हणाले, "वैजनाथ, पोरायचे खांदे भरून आलेत. हितं टेकली तर हितंच विसावा व्हतो. बाईचा जीव तुझ्या फाटकापाशी ऱ्हाईल. पुढं वाट न्हाई, मागं घर न्हाई. असं करू नगंस."

"ऱ्हाऊ द्या की," वैजनाथ म्हणाला. "राखण करंल फुकटात."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मागच्या एका पोराचा खांदा ढिला पडला, आणि तिरडी टेकली. फाटकाच्या आतल्या अंगाला, वाटेच्या बरोबर मधोमध. मग ती तिथूनच मागं फिरवली आणि ओढ्यातून नेली. हरिओमला ते बघवलं नाही. बापाच्या डोळ्यांदेखत त्यानं धावत जाऊन आजीला खांदा दिला. पोरगं गुणी होतं. एकुलतं एक. माघात त्याचं लग्न ठरलं होतं, बिलोलीकडची मुलगी, वर्षाराणी नावाची.

हे झालं नोव्हेंबरात. आता येळवसच्या रात्रीकडं या.

अकराचा सुमार असेल. थंडी मजबूत होती. वैजनाथ मोटारीपाशी शेकोटीला बसला होता, हरिओम टॉर्च घेऊन गव्हात पाणी बघत होता. तेवढ्यात त्यानं हाक मारली. ओरडला नाही, नुसती हाक मारली.

"आबा… पायाला कायतरी चावलं."

वैजनाथ धावला. टॉर्चच्या उजेडात घोणस होती. जाड, आळसावलेली, बांधाच्या भेगेत शिरत होती. हरिओमच्या उजव्या घोट्यावर दोन टिपके होते. वैजनाथनं त्याच्या पायातले बूट काढले, पोटरीला उपरणं बांधलं आणि गावातल्या जीपवाल्या प्रेमला फोन लावला.

"प्रेम, हरिओमला पान लागलं. गाडी घेऊन फाटकापाशी ये. मी त्याला घेऊन येतो."

मोटरसायकल होती, पण ती हरिओमच चालवायचा. वैजनाथला येत नव्हती. पाय उबदार राहावेत म्हणून त्यानं पोराला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर घेतलं आणि त्या गाडीवाटेनं निघाला. सरळ वाट, फार लांबही नाही. किल्ली करदोट्याला होती. फाटक खोललं की पलीकडं डांबरी रस्ता आणि जीप. वेळेत दवाखाना गाठला तर घोणशीचा माणूस वाचतो, हे त्याला माहीत होतं. तो मनात तेवढंच म्हणत चालला होता.

"आबा, लई थंडी वाजून राहिली," हरिओम म्हणाला.

"आलोच बाळा. हे बघ, फाटक आलं."

फाटक दिसत होतं. प्रेमच्या जीपचे दिवेही दिसत होते, गजांमधून आत पडलेले. त्या उजेडात वाटेवर चार माणसं बसली होती.

वैजनाथला वाटलं, येळवसला आलेले कुणी असतील, जेवून सुस्तावलेत. पण कुलूप तर लावलेलं होतं. हे आत आले कुठून, एवढा विचार करायला त्याला सवड नव्हती.

"कोण हाय रे? सरका. पोराला पान लागलंय."

कुणी सरकलं नाही.

"सरका म्हणतो ना…"

चौघांतला एक म्हणाला, "जरा दम घेऊन राहिलो."

आवाज ओळखीचा नव्हता. तोंडंही दिसत नव्हती. दिवे त्यांच्या पाठीमागून येत होते. वैजनाथ अजून चार पावलं पुढं गेला. मग थांबला.

चौघांच्या मधे तिरडी होती.

हिरव्या बांबूची. नवी. आडवी ठेवलेली, वाट पुरती अडवून. इकडं तार, तिकडं तार.

तिरडीवर कुणी नव्हतं.

खांद्यावर पोरगं कण्हत होतं. त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, पण एक हात पोराला धरायला लागत होता.

"बाबांनो… वाट द्या. पाया पडतो. एकुलतं एक हाय."

कुणी मान वर केली नाही.

"कुणाची हाय ही… कुणाला नेऊन राहिलात?"

खांदा बधिर झाला. पोराचं अंग जड होत चाललं होतं… आणखी जड. आणि मग मागून कुणीतरी बोललं. अगदी मागून. मानेशी.

"वैजू… टेकव रे. लेकरू जड झालं असंल."

मायेनं. रागानं नाही. ताटावर बसवताना बोलायची तशी.

वैजनाथनं मागं बघितलं नाही. पुढं एकदाच तो माझ्याशी बोलला, तेव्हा म्हणाला, "मागं बघितलं असतं तर बरं झालं असतं. कोण बोलतंय ते कळलं असतं. मी पोराला धरून ठेवलं असतं."

त्याला मडिवाळप्पांचं बोलणं आठवलं. टेकवायचं नाही, हे त्याला कळत होतं. पण खांद्यात जीवच उरला नव्हता. त्यानं दात आवळले. एक पाऊल मागं घेतलं. आणि…

त्यानं टेकवलं.

चौघं उठले.

सावकाश. एकदम. गुडघे झटकत. एकानं वैजनाथकडं बघून मान हलवली, काम झाल्यावर हलवतात तशी. तिरडी खांद्यावर गेली. आता ती रिकामी नव्हती. घोंगडीत काहीतरी होतं. त्यांनी ती फाटकाकडं नेली नाही. आतल्या बाजूला वळवली. शेताकडं. अंधाराकडं. वैजनाथच्या अगदी अंगावरून गेले ते… आणि पावलांचा आवाज झाला नाही.

खाली बघितलं तर हरिओम तिथंच होता. घोंगडीत. श्वास चालू होता.

वैजनाथनं कुलूप काढलं. प्रेम आत धावला. दोघांनी पोराला जीपमध्ये घातलं. बापाच्या मांडीवर डोकं, पाय घोंगडीत. प्रेमनं गाडी सोडली ती नांदेडच्या दिशेनं, आणि तेव्हा त्याच्या तोंडातून शिव्या निघाल्या. रडत रडत शिव्या.

"काका, काय करत होतात तिथं? अर्धा तास मी हाका मारून राहिलो. किल्ली फेका म्हणून वरडलो. पोराला खांद्यावर घेऊन उभेच. हात काय जोडता, बोलता काय… कुणाशी बोलत होतात? वाटंवर तर कुणीच नव्हतं."

वैजनाथला वाटत होतं, दोन-तीन मिनिटं गेली असतील.

उर्वी विचारतेय, प्रेम फाटकावरून चढून आत का गेला नाही. मीही त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "गेलो होतो. गजाला हात लावला. गज गरम होते, मामा. कुणीतरी धरून बसल्यावानी. मग माझे पाय उचलंनात."

जीप लोह्यापर्यंत आली तोवर हरिओम मधूनमधून बोलत होता. "आबा, पाय सोड," असं दोनदा म्हणाला. वैजनाथनं त्याचे पाय धरले नव्हते. त्याला वाटलं, विषानं बडबडतोय. लोह्याच्या पुढं पोरगं बोलायचं थांबलं. श्वास मात्र होता. प्रेम आरशातून बघत होता, छाती हलत होती, हे तो आजही शपथेवर सांगतो.

नांदेडच्या दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा संपलेलं होतं.

ड्युटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं नाडी बघितली, डोळ्यांत उजेड टाकला आणि वैजनाथला बाहेर बसायला सांगितलं. तो हलला नाही. मग तिनं चावलेली जागा बघायला पायावरची घोंगडी बाजूला केली. आणि तिचा हात थांबला.

हरिओमच्या दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांना पांढऱ्या सुतानं बांधलेले होते. तिरडीवर ठेवताना प्रेताचे बांधतात तसे.

डॉक्टरनं वाकून बघितलं. उजवा पाय सुजून दुप्पट झाला होता, आणि सूत त्या सुजेत खोल रुतलं होतं. कडेनं निळा वळ उठला होता. तिनं गाठीखाली बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना.

"हे सूज चढायच्या आधी बांधलंय," ती म्हणाली. "तेव्हा हा जिवंत होता." मग तिनं आधी प्रेमकडं बघितलं आणि नंतर वैजनाथकडं. "कुणी बांधलं?"