तिसरी फळी

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. पण माझे सासरे लोवेल त्या दिवशी तिथे होते, आणि उगाच काही सांगणाऱ्यांतले ते नव्हेत. घराला आग लागली तरी "जरा उबदार वाटतंय" म्हणतील असा माणूस.

मिनेसोटातलं आमचं स्टोर्डल गाव. जानेवारीतला मंगळवार. रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते, बाहेर उणे सव्वीस, आणि खिडकीतून अजून उजेड येत होता...

व्हर्लिन ऑस्टबी आमच्या समोरच राहतात. वय चौऱ्याहत्तर. त्याआधीच्या नोव्हेंबरात त्यांची बायको आर्डिस गेली. आमच्याकडे थंडीत गेलेल्या माणसाला जमीन लगेच आत घेत नाही. दगडासारखी गोठलेली असते. मे महिन्यापर्यंत थांबावं लागतं. तोवर आर्डिसची राख पियानोवर, प्लॅस्टिकच्या डब्यात.

"जमीन मऊ व्हायच्या आत तिच्यासाठी पेटी करतो. माझ्या हातची," व्हर्लिननी मुलीला, कारिनला, फोनवर सांगितलं होतं.

लाकूडही ठरलेलं होतं. आर्डिसच्या वडिलांच्या शेतावरचं अक्रोड. त्यातली एकच लांब फळी उरली होती.

एकच का उरली, ते आधी सांगते.

व्हर्लिनचं सुतारकाम गॅरेजमध्ये. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. तिथे त्यांचं लाडकं पॉकेट होल मशीन. फळी त्यावर आडवी ठेवायची, दांडा ओढायचा. 'खट' करून फळी दाबली जाते आणि कडेजवळ तिरकं भोक पडतं. त्यातून स्क्रू पिळला की दोन फळ्या घट्ट. भोकं आतल्या बाजूला राहतात, बाहेरून काही दिसत नाही.

पण ह्या मशीनची एक खोड आहे. ड्रिल खालून येतं. म्हणून पेन्सिलीची खूण असलेली बाजू खाली, देखणी बाजू वर.

आर्डिस नेमकं उलटं करायची. खूण वर ठेवायची, दांडा ओढायची, आणि भोकं देखण्या बाजूला. टेपही घ्यायची नाही. कडेपासून दोन बोटं, हे तिचं माप.

"अगं, खूण खाली. किती वेळा सांगू?"

"मग ती दिसणार कशी मला? मी काय जमिनीखालून बघू?"

यावर दोघंही हसायचे. वर्षानुवर्षं हसले.

ती गेली त्याच वर्षीच्या जुलैत मात्र तिने बाकासाठी, उरलेल्या दोन अक्रोडाच्या फळ्यांतली जास्त सुंदर फळी घेतली आणि देखण्या बाजूला आठ भोकं पाडून ठेवली. व्हर्लिन हसले नाहीत.

"पुन्हा ह्या मशीनला हात लावू नकोस."

"बरं," आर्डिस म्हणाली.

तिने एप्रन काढून खिळ्याला अडकवला. त्यानंतर ती गॅरेजमध्ये कधीच आली नाही.

आणखी एक गोष्ट. व्हर्लिनना कमी ऐकू येतं. कमी म्हणजे, घरातला धुराचा भोंगा वाजला तरी कळत नाही. पण कानातल्या यंत्रांतून ड्रिलचा आवाज डोक्यात घुसतो, म्हणून गॅरेजमध्ये जाताना ते ती काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत, एका बशीत ठेवत.

"तुझे कान बशीत आणि तू गॅरेजात," आर्डिस चिडवायची. "मी मेले तरी तुला जेवायच्या वेळेलाच कळेल."

तसंच झालं.

ती लेफ्सेसाठी, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांसाठी, पीठ मळत होती. ते भिंतीपलीकडे फळ्या घासत होते. कान बशीत. बारा वाजता भूक लागली म्हणून आत आले, तर ती जमिनीवर.

डॉक्टर म्हणाले, "लगेच गेल्या असतील."

असतील.

पण गॅरेजच्या बाजूच्या भिंतीवर पिठाचा पंजा उमटला होता. अगदी खाली. जमिनीपासून हातभर उंचीवर...

तो पंजा व्हर्लिननी पुसला नाही. कोणाला पुसूही दिला नाही.

तर जानेवारी. शेवटच्या फळीतून त्यांनी पेटीच्या दोन लांब बाजू कापल्या आणि तीन आखूड फळ्या. आखूड लागणार होत्या दोनच, तिसरी जादा. भोकं फक्त आखूड फळ्यांना पाडायची.

सोमवारी पहिली फळी खूण खाली करून मशीनवर ठेवली आणि ते कॉफी प्यायला आत गेले. परत येऊन बघतात तर...

भोकं पाडून झालेली होती. चारही. देखण्या बाजूला.

'मीच पाडली असणार,' ते मनाशी म्हणाले. दोन महिने झोप नव्हती धड. डोकं जागेवर नसतं माणसाचं. तरी त्यांनी मशीनची वायर भिंतीतून काढली आणि खिळ्याला टांगली. एप्रनच्या शेजारी.

मंगळवारी त्यांनी दुसरी फळी मशीनवर ठेवली. खूण खाली. तीनदा बघून. वायर जोडायला हात पुढे केला, तेवढ्यात खिडकीतून माझे सासरे हॉटडिशचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं, भांडं घेऊन बर्फातून येताना दिसले. वायर तशीच राहिली.

दोघं स्वयंपाकघरात बसले.

"मागचं भांडं परत मागितलंय घरून," लोवेल ओठ नीट हलवत, मोठ्याने म्हणाले.

"धुऊन ठेवलंय."

"तू? धुतलंस? मग खरंच म्हातारा झालास."

व्हर्लिन किंचित हसले. कप उचलला.

कप तोंडापाशी जाऊन थांबला.

"ऐकलंस?"

"काय?"

"मशीन."

लोवेलनी कान दिला. फ्रिज गुणगुणत होता. घड्याळ चालू होतं. बाकी काही नाही.

"दांडा ओढला... खट..." व्हर्लिन भिंतीकडे बघत कुजबुजले. "एक... दोन..."

ते बोटांवर मोजत होते.

"...चार. थांबलं."

दोघं गॅरेजमध्ये गेले. वायर खिळ्यावर होती. फळी मशीनवर होती.

लोवेलनी ती उचलून बघितली. चार भोकं. देखण्या बाजूला. खाली लाकडाचा ताजा कुरळा कीस पडला होता. त्यांनी ड्रिलच्या टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

चटका बसला होता.

व्हर्लिननी कड आणि भोक यांच्यामध्ये आपली दोन बोटं ठेवून बघितली. मावली नाहीत. त्यांची बोटं जाड.

"तिचीच," ते म्हणाले.

लोवेल व्हर्लिनच्या कानाकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून खूण केली.

व्हर्लिननी कान चाचपले.

रिकामे.

दोन्ही यंत्रं आत, बशीत होती.

तिथे, त्या थंड जमिनीवर, व्हर्लिन खाली बसले आणि रडले. लोवेल सांगतात, चाळीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा.

"लोवेल, हे मला ऐकू येतं. मग तेव्हा का नाही आलं रे?"

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने व्हर्लिन उठले. तिसरी फळी घेतली आणि मशीनवर ठेवली. खूण वर करून. आर्डिससारखी.

"कर तू," ते म्हणाले. "तुला हवं तसं कर. मी काही बोलणार नाही."

एक बादली पालथी घालून ते बसले. लोवेल दारात उभे राहिले. उजेड गेला. पाय बधिर झाले.

काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही.

पेटी शेवटी त्या दोन फळ्यांचीच झाली. भोकं बाहेर, उघडी.

"तिसरी आहे ना चांगली," लोवेल म्हणाले. "एक बाजू तरी नीट दिसेल."

"ती तिची आहे."

मे महिन्यात जमीन मऊ झाली. कबरीपाशी कारिनने पेटीवरून हात फिरवला.

"बाबा, भोकं बुजवायची राहिली का?"

"नाही."

"मग अशी कशी..."

"तुझ्या आईने केलीत."

कारिनने वडिलांचा हात धरला.

आता दुसरा हिवाळा आहे. तिसरी फळी अजून मशीनवर आहे. खूण वर. कानातली यंत्रं बशीत, त्यांवर धूळ. व्हर्लिन ती घालतच नाहीत. कारिन फोन करते, घंटा वाजत राहते. मग ती आम्हाला फोन करते आणि मी बाळाला कडेवर घेऊन समोर जाते.

"घाला ना ती यंत्रं, काका," मी एकदा पाटीवर लिहून दिलं. त्यांनी वाचलं.

"घातली तर सगळ्यांचं ऐकू येईल, पोरी," ते म्हणाले. "मला सगळ्यांचं नकोय."

मागच्या गुरुवारी चार वाजता मी सूप घेऊन गेले. बाळ टाहो फोडत होतं. व्हर्लिनना त्याचा पत्ता नव्हता. भिंतीकडे खुर्ची करून ते बसले होते.

अचानक त्यांनी हात वर केला.

"थांब..."

बाळाच्या रडण्याखेरीज मला काही ऐकू येत नव्हतं.

"मशीन?" मी ओठ हलवून विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही. चेहरा पांढरा पडला होता.

"भिंत," ते म्हणाले. "ती भिंत वाजवतेय..."

मग ते गुडघ्यांवर बसले, त्या पंज्याजवळ. भिंतीला कान लावला आणि हळूच, तळहाताने, दोनदा थाप मारली.

"आलो," ते म्हणाले. "आलो गं. आलो."

किती वेळ म्हणत होते, मला सांगता येणार नाही. त्यांना उठवायला मी बाळाला एका हातात धरून वाकले. तोल गेला म्हणून दुसरा हात भिंतीला टेकवला. नेमका त्या पंज्यावर. वर्षभरात तो सुकून, पुसट होऊन गेला होता. आम्ही सगळ्यांनी बघितलेला.

घरी येऊन बाळाचं अंगडं काढताना माझं लक्ष गेलं...

माझ्या तळहाताला पीठ होतं. ओलं. नुकतंच मळलेलं असावं तसं.