एका मडगार्डचे दोन चोर

“चोर सापडलाय,” खुर्चीत बसता बसता गॅरेजचे मालक म्हणाले. “अडचण एवढीच, की दोन सापडलेत.”

टाचणीबाईंचा चष्मा पुसणारा हात थांबला. अंगानं काटकुळ्या आणि प्रश्न नेमके टोचणारे, म्हणून खाजगी तपासाच्या धंद्यात त्यांना हे नाव पडलं होतं. आता दारावरच्या पाटीवरही तेच होतं. शेजारी त्यांचे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पेपर वाचत होते. निवृत्त झाल्यापासून ते मेहुणीला तपासात मदत करत. मदत म्हणजे सोबत.

“चोरीला काय गेलं?” बाईंनी विचारलं.

“मडगार्ड. एका जुन्या गाडीचं, पुढचं, डावं. नवंकोरं! कित्येक महिने वाट बघून परदेशातून मागवलेलं.”

हकीकत अशी होती. एका बाईंची वडिलांच्या काळातली गाडी मालकांकडे पुन्हा उभी करायला आली होती. तिचं मूळ डावं मडगार्ड कधीकाळी अपघातात गेलं होतं, आणि त्या जागी कुणीतरी पत्र्यातून हातानं घडवलेलं बसवलं होतं. तेही आता पोचे पडून वाकडं झालं होतं. ते उतरवलं आणि भंगारात द्यायचं ठरलं. काल गॅरेजला सुट्टी होती. आज सकाळी शटर वर केलं, तर नवं मडगार्ड गायब आणि जुनंच गाडीवर चढवलेलं.

“पोच्यांसकट?” भावजींनी पेपर खाली केला.

“तीच तर गंमत आहे. पोचे कुठे होते, ते मलाही सापडेना.”

“किल्ल्या कुणाकडे असतात?” बाईंनी विचारलं.

“माझ्याकडे, पोचे काढणाऱ्या डेंटरकडे आणि पेंटरकडे. ते दोघे सख्खे भाऊ. गॅरेज त्यांच्या वडिलांचं. ते गेल्यावर थोरल्यानं, म्हणजे डेंटरनं, धाकट्याला न विचारता मला विकून टाकलं. तेव्हापासून एका छपराखाली राबतात, पण एकमेकांशी अवाक्षर नाही. चहा हवा का, हेसुद्धा माझ्यामार्फत विचारतात.”

“आणि कबुली कुणी दिली?”

“दोघांनी! प्रत्येक जण म्हणतो, मी एकट्यानं केलं. नवं मडगार्ड कुठे आहे म्हटलं, की दोघांची दातखीळ बसते.” मालकांनी कपाळ चोळलं. “संध्याकाळी गाडीच्या मालकीणबाई येणार आहेत. तोवर माल मिळाला नाही, तर मी पोलिसांत जाणार. जो चोर ठरेल त्याला वडिलांच्या गॅरेजात पुन्हा पाय ठेवता यायचा नाही. माझाही नाइलाज आहे.”

गॅरेजात शिरल्यावर टाचणीबाई गाडीपाशी गेल्या आणि तिथंच थांबल्या. गाडीचा सगळा रंग उतरवलेला होता. उघड्या पत्र्यावर खिडकीतला उजेड पडला होता. तो बॉनेटवरून मडगार्डवर आला, दिव्याच्या गोलाईवरून वळला आणि कुठेही न अडखळता दाराकडे गेला. त्यांनी मडगार्ड आणि दार यांच्यामधल्या फटीवरून नख फिरवलं. वरून खालपर्यंत फट सारखी होती. अगदी तळाशी तेवढा कडेचा एक कोपरा किंचित बाहेर राहिला होता.

“माणसाच्या हातानं हे होतं?” त्या हळूच म्हणाल्या. इतक्या वर्षांत चोरीच्या जागी त्यांना पहिल्यांदाच हात जोडावेसे वाटले.

भावजी मागच्या भिंतीशी भंगाराच्या ढिगात बसायला जागा शोधत होते. एक बरासा गुळगुळीत पत्रा बघून टेकले आणि लगेच उठले. पांढऱ्या पँटवर तांबडा डाग पडला होता.

“गंज! आता तुझ्या बहिणीला काय सांगू?”

“झटका. गंज झटकला की जातो.”

भावजींनी झटकलं, मग चोळलं. डाग आणखी पसरला. टाचणीबाई त्या डागाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. भावजींनी संकोचून पेपर मागे धरला.

डेंटर रुंद खांद्यांचा होता आणि शब्द मोजून वापरणारा. बाईंनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “मी केलं. एकट्यानं.”

“कसं ते सांगा ना. मला यातलं काही कळत नाही.”

त्यानं एक गुळगुळीत लोखंडी ठोकळा पुढे केला. “ही डॉली. पत्र्याला आतून ही टेकवायची, वरून बरोबर तिच्यावर हातोडी मारायची. पत्रा मधे सरळ होतो.”

“मडगार्ड उतरवून ठोकलं, की गाडीवर चढवून?”

“चढवून. दाराशी वळण जुळतं का, ते जागेवरच कळतं.”

“आणि नवं?”

त्यानं डॉली फडक्यानं पुसायला घेतली. मग म्हणाला, “धाकट्याला यात ओढू नका. त्याला हातोडी चालवता येत नाही.”

“तुम्हाला त्याचा रंगाचा फवारा चालवता येतो?”

“छे! मी मारला की ओघळ येतात. अख्खं गॅरेज हसतं.”

पेंटर किडकिडीत होता. गळ्यात मास्क लोंबत होता. तो आला तोच तणतणत. “त्याला काय विचारताय? मी केलंय सगळं. एकट्यानं.”

“ठोकाठोकीसुद्धा?”

“लहानपणापासून बघत आलोय.”

“जुन्या मडगार्डचा रंग कुणी काढला होता?”

“मीच. आतून-बाहेरून.”

“आत काही दिसलं?”

त्याचे ओठ हलले. मग त्यानं उगाच मास्क सारखा केला. “गंज. दुसरं काय असणार?”

तो गेल्यावर भावजी कुजबुजले, “एका चोरीला दोन चोर आणि माल कुणाकडेच नाही. मला तर वाटतं, मालकांनीच लपवलं असेल.”

“भावजी, एक काम करा. ही डॉली घ्या, गाडीखालून हात घालून या इथे आतून टेकवा. आणि दुसऱ्या हातानं वरून हातोडी मारा.”

भावजी वाकले, मग बसले, मग जवळजवळ झोपले. आतला हात कोपरापर्यंत गेला आणि इंजिनाच्या नळ्यांमध्ये अडकला. हातोडीचा हात हवेतच चाचपडत राहिला.

“अगं, नाही पोचत! इथं दोन माणसं पाहिजेत!” ते ओरडले. “आधी मला सोडव!”

केसचं अर्धं उत्तर भावजींनी दिलं होतं, आणि ते त्यांना कळलंही नव्हतं. बाईंनी त्यांना सोडवलं. मग स्वतः टॉर्च घेऊन फळीवर आडव्या झाल्या आणि गाडीखाली सरकल्या. त्या इतका वेळ बाहेर येईनात, की भावजींनी विचारलं, “तूही अडकलीस का?”

“हो,” आतून आवाज आला. “थोडीशी.”

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. पिकल्या केसांच्या, ताठ चालणाऱ्या. टाचणीबाईंनी सगळ्यांना गाडीभोवती उभं केलं.

“आधी माल,” त्या म्हणाल्या. “भावजी, पँट दाखवा.”

“सगळ्यांसमोर?”

“गंज असता तर झटकून गेला असता. हा कालचा, पुरता न वाळलेला रंग आहे. भंगारातल्या पत्र्याला कुणी रंग देतं का?” त्यांनी ढिगातला तो गुळगुळीत पत्रा ओढून काढला आणि मागची बाजू नखानं खरवडली. तांबड्या रंगाखाली कोरं मडगार्ड चमकलं. “नवं मडगार्ड गॅरेजबाहेर गेलंच नव्हतं. वर गंजासारखा रंग आहे, पण ओघळ एकही नाही. म्हणजे हा हात डेंटरचा नव्हे.”

“मग पेंटर चोर!” मालक म्हणाले.

“थांबा. जुनं मडगार्ड गाडीवर चढवून ठोकलंय. आत डॉली आणि वर हातोडी एकाच माणसाला धरता येत नाही, हे भावजींनी सिद्ध केलं. म्हणजे वर हातोडीला डेंटर आणि खाली डॉलीला दुसरा कुणीतरी. ज्यानं रंग मारला, तोच. कबुली दोघांचीही खरी आहे. ‘एकट्यानं’ हा शब्द तेवढा खोटा. दुसऱ्याची नोकरी वाचावी म्हणून प्रत्येकानं तो घातला.”

भाऊ विरुद्ध दिशांना बघत उभे होते.

“पण कशासाठी?” मालकीणबाईंनी विचारलं.

“तेच मला खाली झोपल्यावर समजलं. आतून सगळा पत्रा एकसारखा केलाय, दिव्यामागचा तळहाताएवढा कोपरा सोडून. तिथे बारीक, वेडेवाकडे घाव आहेत. काही खोल, काही नुसते टेकवलेले. इतक्या तयारीच्या कारागिरानं तेवढाच भाग तसा का ठेवावा? कारण ते घाव त्याला पुसायचे नव्हते. जुने आहेत ते. लहान हातांचे, दोन मुलांचे.” त्या भावांकडे वळल्या. “हे मडगार्ड तुमच्या वडिलांनी घडवलं. खरं ना?”

 धाकटा मालकांकडे बघून म्हणाला, “बाबा म्हणाले होते, इथं कुणाला दिसणार नाही, इथं मारा. एकानं डॉली धरायची, एकानं मारायचं. मग पाळी बदलायची. मारणाऱ्यानं आधी ‘धर’ म्हणायचं, आणि ‘धरलंय’ ऐकल्याशिवाय घाव घालायचा नाही. नाहीतर आतल्याची बोटं जातात. रंग काढताना ते घाव दिसले. मी मडगार्ड उचलून थोरल्याच्या कामाच्या फळीवर ठेवलं. आतली बाजू वर करून.”

“काल मी आलो,” थोरलाही मालकांनाच सांगत होता, “तर हा आधीच इथं होता. नवं समोर दिसलं असतं तर तुम्ही तेच चढवलं असतं. म्हणून लपवलं. आमचं काम आधी कुणीतरी बघावं, एवढंच.”

“आणि काल तरी बोललात का एकमेकांशी?” भावजींना राहवलं नाही.

“नाही.”

“मग ते ‘धर’ आणि ‘धरलंय’?”

थोरल्यानं हातोडी उचलली आणि पत्र्यावर एकदा हलकेच टेकवली. टिक. “हे धर.” धाकट्यानं जवळची डॉली पत्र्याला टेकवली. टिक. “हे धरलंय.”

दिवसभर, प्रत्येक घावाआधी, एक टिक वरून आणि एक टिक खालून.  बोलणं टाकलेल्या दोन भावांनी अख्खा दिवस एकमेकांना साद घातली होती, आणि एकदाही कुणाचं बोट चेंगरलं नव्हतं.

मालकीणबाईंनी मडगार्डवर तळहात ठेवला. “माझे वडील या मडगार्डला टेकून उभे राहायचे,” त्या म्हणाल्या. “नवं पुसून परत पाठवा. मला हेच हवंय.”

मालकांनी खिशातला मोबाइल काढला होता, तो पुन्हा आत ठेवला. “पण तो खालचा कोपरा अजून बाहेर आहे,” ते घसा खाकरून म्हणाले. “तो कोण करणार?”

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. धाकट्यानं डॉली घेतली आणि तो गाडीखाली सरकला. थोरला कडेशी गुडघ्यावर बसला. त्यानं टिक करायला हातोडी उचलली, आणि ती तशीच थांबली.

“धर,” तो म्हणाला.

खालून आधी टिक आलं.

“धरलंय, दादा.”