मध्यमेने ऐकलेला शब्द

दवाखान्यांना आता पायऱ्या राहिल्या नव्हत्या. चाकांची खुर्ची आली की दार आपणहून बाजूला सरके, तपासणीचं टेबल गुडघ्याएवढं खाली बसे. ज्याला दिसत नाही त्याला भिंत रस्ता सांगे आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासमोर डॉक्टरांचं बोलणं काचेवर उमटत जाई. एवढं सगळं झालं तरी एक पायरी शिल्लकच होती, जिभेची. ज्याच्या डोक्यात शब्द आहे पण तोंडात येत नाही, त्याच्या वतीने घरचं माणूस बोलायचं. आणि घरच्या माणसाचं काय सांगावं! रोग्याला विचारलेला प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर देऊन मोकळं होतं.

रंगअण्णा शेलार एसटीचे निवृत्त चालक. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "च्या." सकाळी च्या, जेवताना च्या, निजताना च्या. त्यांची बायको, सगळ्या गावाची वैनी, हातातलं टाकून उठायची आणि आलं घालून चांगला गोड चहा करून आणायची. रक्तातली साखर वाढली, पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, तरी चहा सुटला नाही.

"वैनी, निदान बिनसाखरेचा द्या," डॉक्टर सबनीसबाई कळवळून सांगायच्या.

"एवढं एकच मागत्यात वो. त्येबी नको म्हनू?"



आज अण्णांचं पाऊल घोट्यापासून काढायचं की नाही ते ठरायचं होतं. नाही काढलं तर विष अंगभर पसरणार होतं. नव्या नियमाप्रमाणे उत्तर रोग्याचं स्वतःचं हवं. सोबत्याने जवळ बसावं, पण मधे बोलू नये. वैनींना धडकी भरली होती. अण्णा म्हणाले, नको, जाऊ द्या मला, तर?

डॉक्टरांनी अण्णांच्या कपाळाभोवती एक मऊ पट्टी बांधली.

"ह्यांच्या मनातलं समदं भाईर येनार?" वैनींनी विचारलं.

"सगळं नाही. बोलायला निघालेले शब्द तेवढेच. शब्द आधी मेंदूत जुळतो, मग जिभेला हुकूम जातो. अण्णांचा शब्द नीट जुळतोय, मधला पूल पडलाय. ही पट्टी पुलाच्या अलीकडेच शब्द उचलते. तोंडातून निघते ती वैखरी आणि ओठांवर यायच्या आधी मनात जुळते ती मध्यमा, असं जुने लोक म्हणायचे. म्हणून हिचं नाव मध्यमा."

वैनींनी मान हलवली. त्यांना पूल तेवढा समजला.

अण्णांनी वैनींकडे पाहिलं. "च्या."

वैनी उठल्याच. "आनते क्यांटीनमधनं." त्या दारापर्यंत पोचल्या आणि मागून यंत्राचा सावकाश आवाज आला.

"छाया."

अण्णांच्या तोंडावर खिडकीतलं ऊन येत होतं. "सावली हवीय होय?" म्हणत डॉक्टरांनी पडदा ओढला.

"छाया," यंत्र पुन्हा म्हणालं. "छाया."

वैनी दारातनं मागे वळल्या. "डाक्टरीनबाई... त्ये माजं नाव हाय."

डॉक्टरांना हे नाव नवंच होतं. इतकी वर्षं त्याही वैनीच म्हणत होत्या. गावात ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. अण्णांची मजल तर लग्नापासून 'अगं'च्या पुढे कधी गेली नव्हती. बायकोला नावाने हाक मारली असती तर पारावरच्यांनी त्यांना आयुष्यभर चिडवलं असतं. जीभ गेली तेव्हा भीडही गेली, आणि उरल्यासुरल्या जिभेने त्यांनी नेमकं ते नाव धरलं. पण तो 'च्या' म्हणजे आपलं नाव असेल, हे वैनींच्या स्वप्नातही आलं नाही.

वैनी परत येऊन खुर्चीत बसल्या. "म्हंजी ह्यांनी जवळ बोलवलं, की मी उटून चुलीकडं जायाची. दर येळंला. आनि साकर घालून घालून ह्यो पाय मीच..." त्यांनी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांना राहवलं नाही. "अण्णा, चहा नको होता तर पीत कशाला होतात?"

"ती आणायची," यंत्र म्हणालं.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी पावलाचं विचारलं. वैनींनी डोळे गच्च मिटले.

"काढा," उत्तर आलं. "छाया, तू उठू नको."

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. मध्यमा दवाखान्यातच ठेवायची असते, घरी नेता येत नाही. डॉक्टरांनी पट्टी सोडून डबीत ठेवली. गाडीत बसल्यावर अण्णा म्हणाले, "च्या."

वैनी सवयीने अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला. "मी का चहा?"

"च्या," अण्णा म्हणाले.

वैनींनी हात सोडला नाही. या खेपेला त्यांना खरंच चहा हवा असेल, तर तो काही आता मिळणार नव्हता.