आधी सांगून ठेवतो

भाषेच्या बाई सकाळी वर्गात शिरल्या, तेव्हा एक अनोळखी माणूस त्यांच्या टेबलावर उभा होता. टेबलाशी नव्हे, टेबलावर. बूट काढून, ट्यूबलाइटला हात घालून.

"कोण हो तुम्ही?"

"ही गुणगुणते," तो वरूनच म्हणाला.

"मला नाही ऐकू येत!"

"तिला येतं."

त्याने तिसऱ्या बाकाखाली बोट दाखवलं. तिथे त्यांची विद्यार्थिनी खारूताई होती, कानांवर हात ठेवून.

खारूताईने बाईंना जेरीस आणलं होतं. गोष्ट सांगायला लागली की आवरावी लागे, पण वाचायची पाळी आली की स्वारी बाकाखाली. तोंडी परीक्षेत पुन्हा असं झालं तर तिला वर्गाबाहेर, वेगळ्या खोलीत बसवू, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. म्हणून हे विशेष शिक्षक मदतीला आले होते. मदत म्हणजे काय, तर आधी ट्यूब गेली, मग भिंतीवरचे बाईंचे लाडके तक्ते गेले, मग टाचांच्या चपला. खाडखाड वाजतात म्हणे.

"आता मलाच काढा वर्गातून!"

"नको," तो गंभीरपणे म्हणाला. "तिला तुम्ही आवडता... म्हणजे, तिलासुद्धा."

बाईंनी उगाचच फळा पुसला. तो कोराच होता.

खरं भांडण पुढेच होतं. "आज कोण वाचणार बरं?" म्हणत बोट गरगर फिरवायचं आणि एखाद्यावर रोखायचं, ही बाईंची हुकमी पद्धत.

"अचानक काही नको," तो म्हणाला. "कोणती ओळ, कोणानंतर, ते आदल्या दिवशी सांगून ठेवा."

"मग गंमत काय राहिली?"

"गंमत तुम्हाला. तिला धडकी."

स्वतः तो शिंकण्याआधीही सूचना देई. बाई वैतागत. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं — आपण त्याच्या शिंकेची वाट बघतोय! त्याचा तर आणखीच वैताग आला.

शेवटी हट्ट सोडून त्यांनी खारूताईला तिची ओळ आदल्या दिवशी सांगितली.

परीक्षेत ती ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. अडखळली. बाईंनी जीभ चावून स्वतःला गप्प ठेवलं. खारूताईने ओळ पुरी केली... आणि कोणी न सांगता पुढचीही वाचली. मुख्याध्यापिकांना बाहेर पाठवायला कोणी उरलं नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर तो आला.

"आधी सांगून ठेवतो. सोमवारपासून मी दुसऱ्या शाळेत. इथलं काम झालं."

"झालं? माझा वर्ग उजाड केलात, मला सपाट चपलांवर आणलंत, आणि आता म्हणे झालं!" बाईंनी पुन्हा कोरा फळा पुसायला घेतला.

"अजून एक. शुक्रवारी, मधल्या सुट्टीत, मी तुम्हाला विचारणार आहे... माझ्याशी लग्न कराल का म्हणून."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, विचारून झालं की!"

"छे! ही नुसती सूचना."

"आणि शुक्रवारपर्यंत मी काय करू? डोळ्याला डोळा लागेल माझ्या?"

"मग... उद्या?"

बाईंनी डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला. असल्या माणसापुढे दुसरा इलाजच नव्हता.

"ऐका. तुम्ही कधीही विचारा. मी हो म्हणणार आहे. सांगून ठेवते."



"मी..." तो कसाबसा म्हणाला, "आता बसणार आहे."

आणि जवळच्या बाकावर मटकन बसला.