चौथा भोवरा

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. नाही ठेवलात तर मलाच जरा बरं वाटेल.

आणि हे रात्री वगैरे घडलेलं नाही. भर दुपारी, सव्वातीनला, उघड्या माळावर, सात माणसांच्या डोळ्यांदेखत घडलं. सातही जण आज हयात आहेत. त्यातले सहा जण हा विषय निघाला की उठून जातात. सातवे माझे काका. त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही खाली मान घालून.

काका खडकात खोल बोअर पाडणारं मशीन चालवायचे. माझे बाबा त्याच मशीनवर रॉड जोडायचे आणि काढायचे. धाकटा भाऊ लिव्हरवर, थोरला रॉडवर. बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. काकांना मात्र वाटायचं, म्हणून ते कामावर जरा जास्तच साहेबी आवाजात बोलायचे.

मशीनच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून बाबांनी एक खूण ठरवली होती. हातातला पाना मशीनच्या खांबावर आपटायचा.

टक टक... टक.

थांब, वर काढ.

आता बिटबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रॉडच्या टोकाला बिट असतं. त्याच्या तोंडाला तीन फिरते शंकू. कामावर सगळे त्यांना भोवरे म्हणायचे. भोवरे खडकावर गडगडतात आणि त्यांचे दात खडकाचा भुगा करतात. पूर्वी हे दात पोलादी असत. काळ्या दगडात पाच-सहा तासांत बोथट. मग सगळे रॉड एकेक करून वर काढा, बिट बदला, पुन्हा एकेक करून खाली सोडा. दिवस त्यातच जायचा.

मग कार्बाइडच्या दातांची बिटं आली आणि काका त्यांच्या प्रेमातच पडले. दात झिजत नाहीत, वेग मंदावत नाही, भोक शेवटपर्यंत एकाच मापाचं राहतं. जेवायला बसले तरी हेच पुराण.

"भाऊजी, माझ्या दाढेलाही बसवा की एखादा," आई म्हणायची.

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. फक्त एक गोष्ट ते सांगत नसत. पोलादी दात झिजले की बिट म्हातारं झालं हे दिसायचं. कार्बाइडचे दात काही सांगत नाहीत. आतलं बेअरिंग संपून जातं आणि तोंड मात्र तरुणच राहतं.

त्या सकाळी बिट वर आलं होतं. बाबांनी तिन्ही भोवरे हाताने फिरवून पाहिले.

"एक घट्ट फिरतोय रे. बेअरिंग गेलंय. बदलूया."

"दादा, दात बघ ना. एक तरी हललाय का?"

"दात नको बघू. फिरवून बघ."

काकांनी हातसुद्धा लावला नाही. कंपनीचे साहेब सावलीत घड्याळ बघत उभे होते. बाबांनी रॉडवर खुणा करायच्या रंगाच्या डब्यात बोट बुडवलं आणि त्या भोवऱ्याच्या बुडाशी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. निदान लक्षात तरी राहील, म्हणाले.

"दात शाबूत आहेत," काका म्हणाले. "सोड खाली."

एकशे बारा मीटरवर रॉड हिसके द्यायला लागला.

टक टक... टक.

काकांनी ऐकलं. हे त्यांनी स्वतः कबूल केलं. ऐकलं आणि कानाडोळा केला. साहेब बघत होते ना.

टक टक... टक.

तिसऱ्यांदा काही वाजलं नाही. खाली बिट अडकलं, वर मशीन फिरतच राहिलं, आणि रॉड सांध्यातून तुटून बाबांच्या डोक्यावर आला.

बिट खालीच राहिलं. साहेबांनी सिमेंट ओतून ती बोअर बंद करवली. अहवालात लिहिलं, 'कामगार सूचना नसताना रॉडजवळ गेला. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.' खाली साक्षीदार म्हणून काकांची सही आहे. अक्षर छान आहे त्यांचं.

आई ते वाचून एवढंच म्हणाली, "हे असे नव्हते."

वर्ष गेलं. नवी जागा, तिथून दीड दिवसाच्या प्रवासावर. नवा रॉडवाला. खोक्यातून आत्ताच काढलेलं बिट. काकांनी तिन्ही भोवरे हाताने फिरवून पाहिले. आता ते नेहमी फिरवून बघायचे. उशिरा का होईना, शिकले.

एकशे बारा मीटर झाले...

आणि आवाज गेला.

मशीन बंद पडलं नव्हतं. धूर निघत होता, रॉड फिरत होता, काटा थरथरत होता. पण आवाज नाही. कुणी बोलतंय ते दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

मग खालून... रॉडमधून...

टक टक... टक.

काकांनी झटक्यात मशीन थांबवलं. तेव्हा कुठे वाऱ्याचा आवाज परत आला.

"पाना वाजवलास?"

"नाही मिस्त्री. पाना तिकडे पेटीत आहे."

सगळे रॉड वर काढले. बिट ठणठणीत. पुन्हा खाली सोडलं.

एकशे बारा.

टक टक... टक.

या वेळी सगळ्यांनीच ऐकलं. कारण कुणीही न सांगता सगळे मशीनपासून मागे सरकले.

पुन्हा रॉड वर यायला लागले. एकेक. शेवटचा रॉड आला, बिट बाहेर आलं, आणि रॉडवाला नुसता बघत राहिला. त्याने बोटाने मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"मिस्त्री... भोवरे चार आहेत."

बिटचे स्वतःचे तीन. आणि त्या तिघांच्या मधोमध घट्ट अडकलेला चौथा. त्याचे दात नव्यासारखे चमकत होते. आत मात्र बेअरिंगचा चुरा झालेला, आणि त्यात करडं सिमेंट गच्च बसलेलं.

बुडाशी पिवळी रेघ.

काकांनी तिच्यावर अंगठा ठेवला.

रंग ओला होता.

दोन दिवसांनी काका आमच्या घरी आले. सगळं खरं सांगायचं, असं वाटेत दहा वेळा घोकून आले होते. भोवरा फडक्यातून काढून त्यांनी टेबलावर ठेवला. आईने तो काय आहे ते विचारलं.

आणि काका म्हणाले, "दादाच्या मशीनचा आहे, वहिनी. आठवण म्हणून आणला."

एवढंच. तोंडाशी आलेलं त्यांनी पुन्हा गिळलं. मला त्यांचा राग येतो तो याचा. लिव्हरचा नाही, सहीचाही नाही. या वाक्याचा.

आईने आयुष्यात बिट पाहिलेलं नव्हतं. अपघाताच्या सकाळी बाबा आणि काकांत काय बोलणं झालं, हे तोवर काकांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिने भोवरा उचलला, उलटसुलट केला आणि काकांकडे न बघता म्हणाली,

"दात शाबूत आहेत."

काका चप्पल न घालता जिना उतरले. मी चप्पल घेऊन मागे धावले. तिथेच, शेवटच्या पायरीवर बसून, त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता वर चला आणि आईला सांगा. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" त्यांच्या अंगठ्याला पिवळा डाग होता.

नंतर मी आईला विचारलं, तू असं का म्हणालीस? ती म्हणाली, मी कुठे काय बोलले?

मग मीच तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भोवरा खिडकीत नेऊन ठेवला.

याला आता सहा वर्षं झाली. अहवाल तसाच आहे. काका अजूनही त्याच कामावर आहेत. भोवरा आमच्या खिडकीत आहे. रंग अजून वाळलेला नाही. रोज सव्वातीनला तो वाजतो. त्याला कुणी हात लावलेला नसतो.

मी सगळं लिहून काढलं की थांबेल, असं वाटलं होतं.

आत्ताच पुन्हा वाजला.

त्याला ही कबुली माझ्याकडून नको असावी. काका, हे वाचलंत तर घरी या. आई दुपारची झोपत नाही.