नमुन्याची पानं मिटतात

संचालकसाहेब, ते झाड तुम्ही एका सहीने मारलंत. ‘अशी जात अस्तित्वात नाही’ एवढं लिहिलंत, आणि झाडाबरोबर ते शोधायला तुम्हीच धाडलेला माणूसही कागदोपत्री संपवलात.

त्या माणसाची धाकटी बहीण तुमच्याच वनस्पती-संग्रहालयाच्या तळघरात वाळल्या फांद्या जाड कागदावर शिवते. सगळे तिला सुईताई म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी बेपत्ता होण्याआधी दादाने टपालाने पाठवलेली शेवटची फांदी तिनेच शिवली. बाभळीचंच भावंड, पण काटे तिहेरी, मधला खाली वळलेला. जगात तेवढा एकच नमुना, आणि तुमच्या सहीमुळे शुक्रवारी तो भट्टीत जाणार होता. तो गेला की दादाला पुन्हा शोधा म्हणायला तिच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

सोमवारी सकाळी तिने कपाट उघडलं तेव्हा पानं उघडी होती. संध्याकाळी पाहिलं तर मिटलेली, जिवंत बाभळीची मिटतात तशी. नऊ वर्षं वाळलेली पानं! मंगळवारीही तेच. शेजारी लेबलं चिकटवणारी डिंकमावशी म्हणाली, “बये, वेळेवर जेवत जा.” मग स्वतःच वाकून बघितलं आणि ती डबासुद्धा न उघडता घरी गेली.

बुधवारी मधले तीन टाके तटातट तुटलेले. दोरा कुजला नव्हता, फांदी जाड झाली होती. सुईताईने नवे टाके घातले, मुद्दाम सैल. बिनखिडकीच्या तळघरात ओल्या मातीचा वास सुटला होता.

मावशीने कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. दादाचं अक्षर. सुईताईला ती तोंडपाठ होती: झाडाची उंची बारा फूट.

आता तिथे चौदा होते.

“तू खोडलंस?” मावशीने हळूच विचारलं.

खाडाखोड कुठेच नव्हती.

गुरुवारी सतरा. शाई तिच्या बोटाला लागली. ते बोट घेऊन ती धावत तुमच्याकडे आली, तर तुम्ही मान वर न करता तिला रजा घ्यायला सांगितलंत.

आज शुक्रवार. भट्टी पेटली आहे. कागद छातीशी धरून ती तुमच्या बंद दाराबाहेर उभी आहे.

चिठ्ठीवर एकवीस फूट.

खाली दादाच्याच अक्षरात नवी ओळ, अजून ओली: ‘वरून टेप सोडून मोजली.’

साहेब, दार उघडा. नसलेल्या झाडावर चढून हे मोजतंय कोण, ते सांगा.