चार अँपिअरचं खोटं

मावशीच्या शिवणाच्या दुकानातली जड इस्त्री बंद पडली आणि भाचीच्या कपाळाला आठ्या पडल्या. गिऱ्हाईक दारात, कपडे चुरगळलेले, आणि मावशीचं तोंड तर विचारूच नका! भाचीनं इस्त्री उचलली आणि समोरच्या वायरमनच्या दुकानाची पायरी चढली. तोवर तिनं त्याला फक्त रस्त्यापलीकडून पाहिलं होतं. म्हणजे... तसं बऱ्यापैकी पाहिलं होतं.

त्यानं इस्त्री उघडली. आतली कॉइल एका जागी जळून तुटली होती. नवी आणायची तर बाजार गाठावा लागणार, आणि हिला घाई. मग त्यानं जळका तुकडा कापून टाकला, उरलेली टोकं पिळून जोडली आणि इस्त्री मीटरला लावली. काटा जरा वाचता का, माझे हात गुंतलेत, असं म्हणाला. हात कसले गुंतलेत! एका हातात नुसती पक्कड धरून उभी होती स्वारी. तिच्या ते लक्षात आलं आणि तिला हसू फुटलं.

काटा चार अँपिअरवर होता. मग त्यानं तिला हिशेब शिकवला. दाब दोनशे तीस व्होल्ट. त्याला चारनं भागलं की कॉइलचा रोध, साडेसत्तावन्न ओहम. चारनं गुणलं की शक्ती, नऊशे वीस वॅट. हा गुणाकार तिनं त्याच्याआधी तोंडी करून टाकला, आणि तेव्हापासून तो तिला 'हिशेबनीस' म्हणू लागला. इस्त्रीवर लिहिलं होतं साडेसातशे वॅट. कॉइल आखूड झाली, रोध घटला, प्रवाह वाढला. आता ती जरा जास्तच तापणार.

"चारच्या आसपास आहे तोवर चालेल," तो म्हणाला. "काटा पाचवर गेला, तर मात्र जोडाजोडी बंद. नवी कॉइल टाकायची. मग वर्षानुवर्षं इकडे यायला नको."

शेवटचं वाक्य त्यानं काहीसं पडलेल्या आवाजात म्हटलं, असं तिला वाटलं.

जोडलेली कॉइल ती, किती टिकणार? इस्त्री पुन्हा बंद पडली, आणि पुन्हा. दर जोडाला कॉइल थोडी आखूड व्हायची, काटा केसभर पुढे सरकायचा. दर वेळी ती कुरकुरत रस्ता ओलांडायची. केस मात्र आधी नीट करायची. तो मुद्दाम चुकीचा गुणाकार सांगायचा, ती सुधारायची, आणि मग दोघंही उगाचच हसायची. मावशी वैतागली. ही इस्त्री आहे की सासुरवाशीण, सारखी माहेराकडेच ओढ घेते, म्हणाली.

मग एका दुपारी काटा पाचवर गेला. तिनं मनातल्या मनात भागाकार केला: सेहेचाळीस ओहम. वॅट साडेअकराशे. म्हणजे नवी कॉइल... आणि मग काय निमित्त काढणार? तो खाली मान घालून स्क्रू पिळत होता. किती, त्यानं विचारलं.

"चार," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा रेशमी झगा इस्त्रीखाली जळाला. मावशी झगा आणि इस्त्री घेऊन तरातरा समोर गेली, मागोमाग भाची. वायरमननं ते भोक पाहिलं, एकदा हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, जोड माझाच चुकला. तेव्हा तिनं तोंड उघडायला हवं होतं. पण मावशी पुढे, रस्त्यावर बघे जमलेले... ती मूग गिळून गप्प बसली.

त्यानं नवी कॉइल टाकून इस्त्री आणून दिली. मावशीचं तोंड कोण धरणार? चार दिवसांत गल्लीभर झालं, की हा वायरमन कामचुकार आहे. लोक आपले पंखे दुसरीकडे न्यायला लागले. तो आता रस्त्यापलीकडे बघेनासा झाला. इस्त्री इतकी सुरळीत चालायची की भाचीला तिचा संताप यायचा.

शेवटी धीर करून ती रिकाम्या हातानं त्याच्याकडे गेली. तो हत्यारं पेटीत भरत होता. थोरल्या बहिणीकडे, दाजींच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, दुसऱ्या गावाला निघालोय, असं त्यानं सांगितलं.

"त्या दिवशी काटा पाचवर होता," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"दिसला होता मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही चार म्हणालात ना... वाटलं, हिलाही पुन्हा यायचंय. त्या आनंदात मुकाट्यानं झाकण लावलं." त्यानं हातातली वायर गुंडाळली. "पण मावशींसमोर तुम्ही गप्प राहिलात. मग वाटलं, तुमची नुसती वाचण्यात चूक झाली असेल. मीच वेडा."

"माझा हिशेब कधी चुकलाय?"

"नाही," तो म्हणाला. "तेच विसरलो मी."

ती म्हणाली, आत्ता जाते आणि साऱ्यांना खरं सांगते. तो म्हणाला, जरूर सांगा. मग जरा थांबून म्हणाला, आईनं एक स्थळ आणलं होतं. गेल्या आठवड्यात मी होकार दिलाय... ती मुलगी खूश आहे.

भाचीनं शब्द पाळला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना सगळं सांगून टाकलं, काट्यासकट. मावशीनं हातातली कात्री खाली ठेवली. गिऱ्हाइकं गेल्यावर तिनं भाचीला जवळ बसवलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस गं?"

"वाटलं, लोक हसतील."

"आणि आज? हसलं कुणी?"

भाचीनं नकारार्थी मान हलवली, आणि मग तिला रडू आवरेना.